दोन पेरांची फांदी

घरच्या काचेच्या टाकीत वाढवायला जिवंत प्रवाळाचा नवा तुकडा आला की पाण्याची काळजी सगळे करतात, उजेडाची फार थोडे. डब्यातल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबाथेंबाने सोडत तासभर स्टुलावर बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. नळीला गाठ, गाठीतून थेंब, खाली बादली, नजर घड्याळावर. एवढे सोपस्कार झाले की तोच तुकडा उचलतात आणि सगळ्यात वरच्या खडकावर, थेट दिव्याखाली नेऊन ठेवतात. का, तर तिथे तो सोफ्यावरून छान दिसतो. चार दिवसांनी तो पांढरा पडला की पाण्याच्या तपासण्या सुरू होतात. पाणी बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

माझ्या मोठ्या टाकीत नवा तुकडा जायचा असला की मी आदल्या रात्रीच दिव्यांचा जोर उतरवून ठेवते. टाकीतल्या जुन्या मंडळींना काही आठवडे कमी उजेड मिळाला तर त्यांचं काही बिघडत नाही. समुद्रावरही आभाळ येतंच.

ही टाकी बर्लिनच्या घरात आहे, ३०० लिटरची, खाऱ्या पाण्याची. इमारत जुनी आणि मजला लाकडी. पाणी, काच, खडक मिळून वजन सहज चारशे किलोंच्या वर जातं, म्हणून टाकी भिंतीला लागून, तुळयांना आडवी ठेवली आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंना हे सविस्तर समजावून सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असेल असं नाही.

मूळची मी मालवणची. हे कळलं की लोकांना वाटतं, मग काय, प्रवाळ लहानपणापासून पाहिलेले असणार. कसलं काय. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, हे मी इथे आल्यावर वाचलं. आमच्या लेखी समुद्र म्हणजे बांगडे, सुरमई आणि पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्या. प्रवाळ म्हणाल तर आजीच्या बोटातलं पोवळं, मंगळासाठी घातलेलं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढणारं. त्याला उजेडाशी देणंघेणं नसतं. माझ्या टाकीतल्यांचा जीव मात्र उजेडावर टांगलेला आहे.

ज्या तुकड्याबद्दल लिहितेय तो मला एका निवृत्त गृहस्थांनी दिला. अक्रोपोरा या झुडपासारख्या वाढणाऱ्या दगडी प्रवाळाची फांदी, करंगळीच्या दोन पेरांएवढी, हिरवट-तपकिरी अंगाची, फिकट टोकाची. ही श्ट्यूबर यांच्या प्रवाळाच्या वंशातली, असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. खाऱ्या पाण्याच्या जुन्या शौकिनांमध्ये या नावाला वजन आहे. डीट्रिश श्ट्यूबर यांनी ऐंशीच्या दशकात याच शहरात, घरच्या टाकीत, अक्रोपोरा वाढवून दाखवला. त्या काळी दगडी प्रवाळ घरात जगतच नाहीत असं मानलं जाई. दुकानातून आणायचे, काही महिन्यांत ते मरायचे, मग सांगाडा कपाटात ठेवायचा. बर्लिनच्या मंडळींनी समुद्रातून आलेले जिवंत खडक, म्हणजे बारीक जीव अंगावर घेऊन आलेले, भरपूर वापरले, प्रखर दिवे लावले, पाण्यातला सेंद्रिय मळ फेसावाटे खेचून काढणारा जोरदार स्किमर बसवला, आणि कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी घातली. या सगळ्याला आज जगभर बर्लिन पद्धत म्हणतात. चुन्याची निवळी म्हणजे तीच, आपल्याला माहीत असलेली. फक्त इथे ती रात्री, टाकीतून उडून गेलेल्या पाण्याची भरपाई म्हणून थेंबथेंब जाते.

श्ट्यूबर यांचा प्रवाळ वाढला तसे ते फांद्या मोडून लोकांना देत गेले. ज्यांना दिल्या त्यांनी वाढवून पुढे दिल्या. असं होत होत हा एकच जीव युरोपभर आणि त्याच्याही पलीकडे कुठल्या कुठल्या घरांत पोचला. एकच जीव असं मी म्हणते, कारण मोडलेली फांदी हे पिल्लू नव्हे. तिच्यात आणि मूळ झुडपात जनुकांचा फरक नसतो. समुद्रातही वादळात फांद्या मोडतात, खाली पडतात, जागा बरी मिळाली तर खडकाला चिकटून वाढू लागतात. अक्रोपोराच्या कित्येक जाती अशाच पसरतात. तेव्हा माझ्या हातातली काडी आणि त्या गृहस्थांच्या टाकीतलं फूटभर झुडूप हे एका प्राण्याचेच दोन भाग, मध्ये फक्त भुयारी रेल्वेची काही स्टेशनं. त्यांचं सांगणं खरं असेल, तर वयाने हा प्राणी माझ्या बरोबरीचा आहे.

फांदीसोबत त्यांनी सही केलेला कागदही दिला. दगडी प्रवाळ साइटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. इथे तो बाळगणाऱ्याला तो कायदेशीर मार्गाने आला हे दाखवता आलं पाहिजे. प्रवाळाचं लॅटिन नाव, टाकीत वाढवलेला असल्याचा उल्लेख, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. मोडलेल्या काडीची पावती, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

फोटो मालवणला मामेभावाला पाठवला. तो पर्यटकांना होडीतून स्नॉर्केलिंगला नेतो. लगेच त्याचा व्हॉइस मेसेज, "ताय, येताना माकाय एक तुकडो घेवन ये. हॉटेलात काचेत ठेवया." त्याला सांगितलं, बाबा रे, भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या यादीत. तिथला उचललास तर तीन ते सात वर्षं आत, आणि इथून न्यायचा तर परवान्यांशिवाय विमानतळही ओलांडता येणार नाही. यावर तो म्हणाला, "आणि लोक रोज तेंच्यार पाय देवन उभे रवतत, तेंका?" मला उत्तर सुचलं नाही. तो स्वतः प्रत्येक फेरीत ओरडत असतो, पाय टेकू नका म्हणून. पण पोहता न येणाऱ्या माणसाला खोल पाण्यात पायाखाली काही कठीण लागलं की तो उभा राहणारच.

असो. फांदी आणली तेव्हा ऐन हिवाळा होता, बाहेर तापमान शून्याखाली. गृहस्थांनी ती त्यांच्याच टाकीच्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात घातली होती. डबा थर्मोकोलच्या पेटीत, शेजारी कोमट पाण्याची बाटली. अक्रोपोराला साधारण २५ अंशांचं पाणी लागतं. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहतानाही पाणी झपाट्याने उतरतं. प्रवासात प्रवाळाने पॉलिप, म्हणजे त्याची फुलांसारखी बारीक तोंडं, आत ओढून घेतलेले असतात आणि अंगावर चिकट स्राव आणलेला असतो. डबा उघडल्यावर तो तारेसारखा लोंबतो. घाबरण्यासारखं नाही. ताण आला की प्रवाळ हेच करतो.

बंद डबा टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवला, तापमान जुळलं. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन्हीकडच्या पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहिला. त्यांचं ३५, माझं ३५. मोकळ्या समुद्राचंही सरासरी तेवढंच असतं, हजार भागांत ३५ भाग क्षार. मग आता थेंबथेंब कशासाठी? या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे आणि त्यावरून वादही झालेत. कोळंबी, तारामासा असे प्राणी असतील तर त्या प्रकाराला अर्थ आहे. क्षारतेत मोठा फरक असेल तर प्रवाळासाठीही आहे. पण आकडे जुळत असताना तासभर थेंब सोडत बसलो तर डब्यातलं पाणी गार होत जातं, त्यात त्याने स्वतःच सोडलेला स्राव आणि अमोनिया साचत जातो, आणि आपण त्याला त्याच पाण्यात आणखी बसवून ठेवतो. मायेपोटी.

त्यानंतर डिप, म्हणजे किडे सोडवायची आंघोळ. टाकीचंच पाणी पांढऱ्या भांड्यात घ्यायचं, त्यात आयोडीनचं द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढं घालायचं, फांदी काही मिनिटं बुडवायची आणि पिपेटने तिच्यावर पाण्याचे फवारे मारायचे. भांडं पांढरं हवं, कारण खरी गंमत तळाशी असते. काय काय पडतं! पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक कवचधारी, एखादा केसाळ किडा, कधी कुणाची तरी पिल्लं. यातले बहुतेक निरुपद्रवी. मी शोधत असते तो अक्रोपोरा खाणारा चपटा किडा. तो जवळजवळ पारदर्शक असतो आणि ज्या प्रवाळाचं मांस खातो त्याचाच रंग अंगावर वागवतो, त्यामुळे फांदीवर बसलेला असताना भिंगातूनही चटकन दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या चावल्याच्या गोल फिकट खुणा. भांड्यात पडला की मात्र पापुद्रा सुटल्यासारखा वळवळतो.

डिपने किडा सुटतो, अंडी सुटत नाहीत. ती सांगाड्याच्या उघड्या भागावर, बहुतेक फांदीच्या बुडाशी चिकटवलेली असतात आणि त्यांना आयोडीनने काही होत नाही. म्हणून मी फांदी ज्या सिमेंटच्या प्लगवर चिकटवलेली येते तो ठेवतच नाही. कटरने फांदीचं बूड थोडं वर तोडून प्लग कचऱ्यात टाकते. त्यानंतर काही आठवडे तिचा मुक्काम वेगळ्या छोट्या टाकीत, आणि दर आठवड्याला पुन्हा डिप. अंडी फुटायला पाण्याच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन आठवडे जातात, तेवढा काळ काढावाच लागतो. पुष्कळ लोक हे टाळतात. मीही कंटाळते, पण टाकीभर पसरलेला हा किडा काढायचा म्हणजे सगळे अक्रोपोरा खडकावरून उपटावे लागतात, हे आठवलं की कंटाळा पळतो.

जाता जाता एक सांगते. डिप करताना हातमोजे आणि चष्मा घालाच. अक्रोपोरापासून भीती नाही, पण त्याच्या आसपास झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे दिसणारे मऊ, प्रवाळांच्या नात्यातले जीव, आले असतील तर त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. असे झोअँथिड असलेला खडक साफ करायला त्यावर उकळतं पाणी ओतून, वाफेवाटे माणसं आजारी पडल्याच्या घटना घडल्या आहेत. जर्मनीतही घरच्या टाक्यांमुळे झालेल्या विषबाधेच्या नोंदी आहेत. छंदाच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर हवं.

आता उजेड. सगळं अडतं ते इथेच.

अक्रोपोराच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, एका चौरस सेंटीमीटरला दहा लाखांच्या आसपास. प्राण्यांच्या अंगात दिसणाऱ्या या पिवळ्या पेशी त्या प्राण्याच्या स्वतःच्या नव्हेत, ते स्वतंत्र शैवाल आहे, असं कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली याच शहरातल्या शास्त्रज्ञांसमोर मांडलं आणि त्यांना झूझँथेली हे नाव दिलं. या शहराला समुद्र नाही, पण प्रवाळांशी त्याचं नातं जुनं आहे. त्याच्याही साठेक वर्षं आधी इथले दोन तरुण निसर्गशास्त्रज्ञ, एहरेनबर्ग आणि हेम्प्रिश, इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेले. हेम्प्रिश १८२५ साली तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात तापाने वारले. एहरेनबर्ग परतले आणि १८३४ साली त्यांनी तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका प्रवाळाला मित्राचं नाव दिलं. आज तो अक्रोपोरा हेम्प्रिची म्हणून ओळखला जातो. त्यांनी आणले ते वाळलेले सांगाडे. जिवंत फांदी बर्लिनला आणायची तर काय काय लागेल, याची त्या काळात कुणाला कल्पनाही नसणार.

तर हे शैवाल उजेडात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत यातून भागू शकते. म्हणजे नव्या टाकीत रुळायचं असतं ते एकट्या प्राण्याला नव्हे, दोघांना. पाणी बदललं की ते प्राण्याला जाणवतं, दिवा बदलला की शैवालाला. दोघांचा वेग वेगळा. क्षारतेशी प्राणी काही तासांत जुळवून घेतो. शैवालाला आपली रंगद्रव्यं कमी-जास्त करायची असतात, प्राण्याला त्याची संख्या आवरायची असते, आणि त्याला आठवडे लागतात.

उजेड एकदम वाढला तर शैवालाला तो सगळा वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात, ती दोघांच्याही पेशी जाळू लागतात, आणि प्राणी शेवटी शैवालालाच बाहेर काढतो. मग पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तो मेलेला नसतो, उपाशी असतो. समुद्रात हेच उष्णतेने होतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम एक अंश जास्त, पण काही आठवडे सलग, एवढं पुरतं. १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, मग २०१४ ते २०१७. चौथी जागतिक लाट चालू असल्याचं २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले.

उजेड कमी पडला तर उलट. शैवाल वाढतं, त्यातली रंगद्रव्यं वाढतात, प्रवाळ तपकिरी दिसू लागतो. दुकानातून जांभळी म्हणून आणलेली फांदी आठवड्याभरात चहाच्या रंगाची झाली की माणसं हवालदिल होतात आणि तिला वर सरकवतात. वर सरकवली की ती पांढरी पडते. तपकिरी रंग हा आजार नाही. आत हिशेब चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यात आपले डोळे काही कामाचे नाहीत. हल्लीचे एलईडी दिवे निळ्याकडे झुकलेले असतात, ४५० नॅनोमीटरच्या आसपास. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सगळ्यात ठसठशीत दिसतो, निळा मंद वाटतो. शैवालाला नेमका तोच निळा हवा असतो. त्यामुळे खोलीत संधिप्रकाश वाटत असताना टाकीत भर दुपार असू शकते. यासाठी पार मीटर लागतो, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारा. त्याची किंमत ऐकून मी तो उसना आणते. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर त्याचा काटा २,००० मायक्रोमोलच्या जवळ जातो. घरच्या टाकीत अक्रोपोराला २०० ते ३५० पुष्कळ झाले. गृहस्थांकडे जिथून फांदी मोडली तिथे २५० होते, तेही जुन्या ट्यूबांचे, चहूबाजूंनी पसरून येणारे. माझ्याकडे वरच्या खडकावर ३०० च्या वर, एलईडीचे, वरून थेट. वाळूजवळ ८०.

फांदी खालून वर सरकवत नेणं ही रूढ पद्धत. मला ती आवडत नाही. प्रत्येक वेळी सरकवली की उजेड बदलतो तसा प्रवाहही बदलतो, कोन बदलतो, आणि बूड खडकावर पसरायला लागलेलं असेल तर ते तुटतं. वेगळ्या टाकीतला मुक्काम संपला की मी फांदी तिच्या कायमच्या जागेवर पहिल्यांदाच चिकटवून टाकते, जेलसारखा येणारा सुपरग्लू लावून. तो पाण्याखालीही घट्ट होतो आणि प्रवाळाला बाधत नाही. आणि सरकवायचं काही असेल तर दिवा. आधी जोर निम्म्याच्या आसपास, मग आठवड्याला थोडा थोडा वर, रीतसर महिनाभर. फांदीला वाटावं, ऋतू बदलतोय.

प्रवाहाचं थोडक्यात. पॉवरहेडचा, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळणाऱ्या पंपाचा, झोत सरळ अंगावर घेतला तर मांस सांगाड्यावरून सोलून निघतं, आणि पाणी साचून राहिलं तर स्राव आणि गाळ अंगावर बसतो. दिशा बदलत राहणारं, घुसळलेलं पाणी हवं. शेजारही बघावा लागतो. गॅलॅक्सिया नावाचा प्रवाळ दिवसा शांत दिसतो आणि रात्री वीतभर लांबीचे डंखधारी तंतू सोडून आसपासचं सगळं भाजून काढतो. मऊ प्रवाळ पाण्यात रसायनं सोडतात, ती सक्रिय कोळशाने खेचून घ्यावी लागतात. आणि केएच, म्हणजे पाण्याची क्षारधर्मिता. गृहस्थांचा ८, माझा साडेसात. समुद्राचा सातच्या आसपास. सात ठेवा, आठ ठेवा, त्याने फार फरक पडत नाही; सोमवारी सात आणि गुरुवारी साडेनऊ असं झालं की फांद्यांची टोकं जळतात.

एवढं केल्यावर मग काहीच करायचं नसतं, आणि ते मला सगळ्यात जड जातं. टाकीशेजारी कपाटात तपासणीचे संच, पिपेटी, चिमटे, लांब कात्र्या मांडलेल्या असतात. हात शिवशिवतो. विरजण लावलेलं पातेलं दर अर्ध्या तासाला हलवून पाहिलं तर दही लागत नाही, हे मला आईने ओरडून ओरडून शिकवलंय, तरी पॉलिप बाहेर आलेत का बघायला मी रात्री टॉर्च घेऊन उभी राहतेच. लाल उजेडाचा टॉर्च असेल तर त्यांना फारसं कळत नाही, एवढीच स्वतःची समजूत.

कुणीतरी म्हणालं होतं, तू परदेशात रुळलीस तसाच तो रुळतोय. ही तुलना मला पटत नाही. मी तिकीट काढून आले, हवं तर परत जाऊ शकते, आणि इथल्या काळोख्या हिवाळ्याबद्दल तक्रार करायला मला तोंड आहे. फांदीला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय तिची निम्मीअधिक कुरबुर तिच्या अंगातच राहणाऱ्या भाडेकरूशी आहे. तिथे माझ्या भावना लादण्यात काय अर्थ.

खुणा वाचाव्यात त्या बुडाशी. पॉलिप उघडले म्हणून लोक आनंदतात, पण पॉलिप लहरी असतात. कधी मासा कुरतडतो म्हणून मिटलेले राहतात, कधी भुकेने उगाच ताणलेले. बूड खोटं बोलत नाही. सुपरग्लूच्या कडेवर एक पातळ, फिकट कड सरकायला लागली, खडकावर मांस पसरायला लागलं की समजावं, प्राण्याकडे वाढीला खर्च करण्याएवढी शिल्लक पडली. उलट बुडाकडून मांस मागे हटत वर सरकू लागलं, तर थांबून उपयोग नाही. कधी ते आठवडे घेतं, कधी एका रात्रीत सगळी फांदी खडूसारखी उघडी पडते. अशा वेळी मरणाऱ्या भागाच्या बरंच वर, निरोगी मांसातून कापायचं आणि वरचं टोक वाचवायचं. नखाएवढं टोकही पुन्हा झुडूप होऊ शकतं. मोठ्या तुकड्याच्या तुलनेत त्याला धोका जास्त, हे आहेच.

समुद्रात हेच काम मोठ्या प्रमाणावर करणारे लोक आहेत, आणि त्यांच्याकडे दिव्याचं बटण नसतं. मुंबईत कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली. त्या वेळी माझ्या ओळखीत बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया होती, मुंबईच्या त्या घाण पाण्यात प्रवाळ? मग त्यांना चांगल्या स्वच्छ पाण्यात तरी न्या! पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, गढूळ पाण्यात वाढलेल्या प्रवाळाच्या अंगातलं शैवाल त्याच अंधुक उजेडाला सरावलेलं असतं. त्याला काचेसारख्या पाण्यात नेणं म्हणजे वाळूवरून उचलून दिव्याखाली ठेवणं. मालवणचं तसंच. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळ होतं, नद्यांच्या पाण्याने क्षारता उतरते, आणि तरी पोराइट्ससारखे धिम्या गतीचे, गोल, जाड प्रवाळ तिथे तग धरून आहेत. माझी नाजूक फांदी तिथे एक श्रावण काढणार नाही. कच्छच्या आखातात अक्रोपोरा नाहीसा झाला होता, म्हणून मिठापूरच्या प्रवाळभिंतीवर लावायला त्याचे तुकडे लक्षद्वीपहून नेण्यात आले. लक्षद्वीपच्या नितळ खाजणातून कच्छच्या गाळात. ते वाचताना मला पहिली शंका आली ती उजेडाचीच.

माझी फांदी लागली. बूड एक युरोच्या नाण्याएवढं पसरलंय, बाजूने दोन फुटवे निघालेत आणि टोकं पांढरट आहेत. टोक वाढत असलं की तिथे शैवाल अजून पोचलेलं नसतं, म्हणून ते तसं दिसतं. रंग अजून चहासारखाच आहे. मला तो आवडू लागलाय.

मध्यंतरी त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या टाकीतला हीटर चालू अवस्थेतच अडकला, ते मुलीकडे गेले होते, परत येईपर्यंत पाणी ३१ अंशांवर. फूटभर झुडूप गेलं. आवाजात दुःख होतं, पण ते फारसं रेंगाळलं नाही. फांद्या मोडून वाटण्यामागे हीच सोय असते, आणि चाळीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ पहिल्यांदा आलेली नाही. माझ्याकडच्याला फुटवे किती, मधला काढला तर चालेल का, माझा केएच सध्या काय, पार किती, असे प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतल्यासारखे एकामागून एक विचारले. मी म्हटलं, या रविवारी घेऊन येते. "नको, पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "दिवा अजून खाली आणायचाय." आणि कागद तेच छापून ठेवणार आहेत, लॅटिन नाव, टाकीत वाढवलेला असल्याचा उल्लेख, सगळं. देणाऱ्याच्या जागी सही तेवढी मी करायची आहे.